गाडी अंधारात बघायला जा

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये लिंकनशायरला बॉस्टनच्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. बॉस्टन गावापासून सहा मैलांवर एका खेड्यात आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी राहतो. फेब्रुवारीत सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, आणि आमच्या छोट्या हॅचबॅकमध्ये बाबागाडी ठेवली की पिशवीलाही जागा उरत नाही. म्हणून जुनी एस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची गाडी, घ्यायचं ठरवलंय, दहा हजार पौंडांच्या आत. तीन पाहून ठेवल्यात. एक स्कोडा ऑक्टाव्हिया, २०१६ ची, १.६ डिझेल, सात गिअरची डीएसजी (म्हणजे ऑटोमॅटिक), झेनॉन दिवे. दुसरी फोर्ड फोकस, २०१८ ची, १.० इकोबूस्ट पेट्रोल, मॅन्युअल, तिघींत स्वस्त. तिसरी टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स, मार्च २०१७ ची हायब्रिड, पण दिवे साधे हॅलोजन. यांना ऑक्टाव्हिया आवडलीय. शेजारी म्हणतात फोकस घ्या, पार्ट कुठेही मिळतात. मला मात्र एकच काळजी आहे. माझ्या नाइट असतात, रस्त्यावर एकही दिवा नाही, आणि समोरचं नीट दिसत नाही. (माझं इथलं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे, यांचं मॅन्युअलचं.) महिन्यातून एकदा लेस्टरला जातो आणि गणपतीत लंडनला महाराष्ट्र मंडळात. कोणती घ्यावी?

— एक वाचक, लिंकनशायर

सल्ला

नमस्कार डॉक्टर,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली असेल तर मॅन्युअल गाडी चालवायची परवानगीच नसते. साताऱ्यात तुम्ही दहा वर्षं मॅन्युअल चालवली असेल, तरी इथल्या कायद्याला त्याचं काही नाही. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं आणि तुमचे ते महिने केव्हाच संपले. फोकस घेतलीत तर ती यजमानांची गाडी होईल आणि पहाटे ड्यूटी संपल्यावर तुम्ही जुन्या हॅचबॅकमध्येच बसाल. म्हणून फोकस बाद.

तिच्यासाठी फार हळहळूही नका. या एक लिटर इकोबूस्टचा टायमिंग बेल्ट इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये भिजत फिरतो. कंपनीने त्याचं आयुष्य दहा वर्षं किंवा दीड लाख मैल सांगितलं होतं. पण ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा चुकीचं घातलं, तर बेल्टचं रबर झिजून त्याचा चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. सर्व्हिसिंगचा सलग कागद असेल तर ही गाडी वाईट नाही. तिघींत स्वस्त आहे म्हटल्यावर मी तो कागद आधी मागितला असता.

आता ऑक्टाव्हिया. यजमानांची आवड मला कळते. डिकी ६१० लिटरची, मागे पाय पसरायला जागा, आणि मोटरवेवर १.६ डिझेल निवांत पळतं. पण तुमचं घर ते रुग्णालय सहा मैल आहे. डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला इंजिन पूर्ण तापून गाडी बऱ्यापैकी वेगात पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. जानेवारीत सहा मैलांत इंजिन धड तापतही नाही, तोवर तुम्ही पार्किंगमध्ये पोचता. महिन्यातून एकदा लेस्टरला गेल्याने हे भरून निघणार नाही. गाळणी तुंबली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दिव्याकडे दुर्लक्ष केलं की बिल चार आकडी येऊ शकतं.

लंडनचा मुद्दाही आहेच. महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, म्हणजे यूलेझच्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या लंडनच्या भागाच्या, हद्दीत. तिथे डिझेल गाडी युरो ६ (धुराच्या युरोपीय मानकाची सहावी पायरी) नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड द्यावे लागतात. २०१६ ची ऑक्टाव्हिया यातून सुटते, कारण सप्टेंबर २०१५ पासून नव्याने नोंदलेल्या कारना युरो ६ सक्तीचं झालं. पण डिझेलच घ्यायचं म्हणून कुणी तुम्हाला २०१४ ची स्वस्त एस्टेट दाखवली, तर हे लक्षात ठेवा. पेट्रोलला युरो ४ पुरतं, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही.

तिचा गिअरबॉक्स मला इंजिनाहून जास्त खटकतो. डीएसजी हे एक नाव असलं तरी आत गिअरबॉक्स निरनिराळे आहेत. २५० न्यूटन-मीटरपर्यंत जोर (टॉर्क) देणाऱ्या छोट्या इंजिनांना सात गिअरचा कोरड्या क्लचचा डबा लावलेला असतो, आणि १.६ डिझेलला तोच आहे. १५० हॉर्सपॉवरच्या दोन लिटर डिझेलला त्या वर्षांत सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचचा डबा येत असे. त्याचं ऑइल साधारण ४०,००० मैलांना बदलावं लागतं, पण वागायला तो सोशीक आहे. कोरडा डबा मोकळ्या रस्त्यावर गोड चालतो. रांगत्या ट्रॅफिकमध्ये, पार्किंगच्या चढावर, रिव्हर्समध्ये मात्र क्लच घासत राहतात, आणि दहा वर्षांच्या गाडीत क्लच किंवा त्यांना चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग बदलायची पाळी आली तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने जड जातो. तरीही ती पाहायला जाणारच असाल तर गाडी थंड असताना जा. बॉनेटला हात लावून बघा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर कारण विचारा. तुमच्याकडे सगळा सपाट मुलूख, चढ सापडणार नाही, म्हणून बहुमजली पार्किंगच्या रॅम्पवर घ्या. तिथे रिव्हर्समध्ये इंच-इंच मागे सरकताना थरथर जाणवली, किंवा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का बसला, तर किल्ली परत द्या.

राहिली ऑरिस. हिच्यात गिअर बदलणं हा प्रकारच नाही. एक ग्रहमालेसारखी दातेरी चक्रांची जोडणी आणि दोन विजेच्या मोटरी, एवढ्यावर काम भागतं. क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे जुन्या गाडीत जे भाग हमखास पैसे खातात ते इथे मुळातच नाहीत. १.८ पेट्रोल इंजिनाला बेल्ट नसून चेन आहे. ऑटोमॅटिक लायसन्सवर चालते. छोट्या फेऱ्यांचं तिला वावडं नाही, उलट गावातल्या थांबत-निघत चालण्यातच ती पेट्रोल वाचवते. डिकी ५३० लिटर. ऑक्टाव्हियापेक्षा कमी, पण तुमच्या बाबागाडीला आणि आठवड्याच्या बाजाराला भरपूर. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन भुंकल्यासारखं ओरडतं आणि गाडी मात्र सावकाश उचलते. याची सवय होते. यजमानांना होईल की नाही, ते तुम्हीच जाणता.

दोष तिच्यातही आहेत. या इंजिन-घराण्यात धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआरचा मार्ग काजळीने तुंबतो, आणि पुढे हेड गॅस्केट जाण्याची उदाहरणं जास्त चाललेल्या गाड्यांत दिसतात. म्हणून थंड गाडी सुरू करा, आतला हीटर लावा म्हणजे इंजिन चालू राहील, आणि पहिल्या मिनिटात खडखड-थरथर होते का ते बघा. कूलंटची पातळी खुणेखाली असेल तर 'थोडं टाकायचं राहिलं' हे उत्तर मान्य करू नका. मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीला हवा देणारी जाळी असते, ती कुत्र्याच्या केसांनी भरलेली नाही ना, हेही बघा. शिवाय या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) चोर कापून नेतात. रुग्णालयाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये रात्रभर उभी राहणार असेल तर खालून संरक्षक पत्रा लावून घेतलेला बरा. आणि भारतात महिनाभर सुट्टीला गेलात की छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली सापडते. कुणाला तरी किल्ली देऊन जा.

टोयोटाची इथे एक चांगली सोय आहे. अधिकृत डीलरकडे सर्व्हिसिंग केलं की पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत वॉरंटी मिळते, गाडी दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची होईपर्यंत, जे आधी होईल ते. तुमच्या मार्च २०१७ च्या गाडीला किती काळ उरलाय ते तारखेवरून मोजा. त्याच तारखेत दुसरा फायदा दडलाय. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा रस्ता कर धुरातल्या कार्बनवर ठरतो, म्हणून या हायब्रिडला तो नाममात्र पडतो. नंतरच्या गाडीला वर्षाला दोनशे पौंडांच्या आसपास सरसकट भरावा लागतो. एकाच '१७' च्या नंबरप्लेटवर दोन्ही प्रकार सापडतात, आणि जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

आता तुमची खरी काळजी: दिवे.

बॉस्टनच्या भोवतीची जमीन दलदल उपसून काढलेली आहे. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ जातात आणि शेताच्या कोपऱ्याला अचानक काटकोनात वळतात. कडेला कठडा नाही, थेट पाण्याचा खोल चर. वेगमर्यादा ६० मैल. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे तुमची नाइट सोडाच, दिवसपाळीचं येणंजाणंही अंधारातच. ब्रिटनच्या हायवे कोडप्रमाणे ६० मैल वेगात गाडी थांबायला ७३ मीटर लागतात, ५० ला ५३. जेवढं दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा, हा त्यातला १२६ वा नियम. साध्या हॅलोजनच्या डिपरमध्ये, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडात, अंगावर काळा कोट घातलेला माणूस साधारण ५०-६० मीटरच्या पुढे दिसत नाही, तेही काच स्वच्छ असेल तर. म्हणजे ६० च्या रस्त्यावर तुम्ही ६० ने जाताय तेव्हा, डिपरवर, शेवटचे काही मीटर देवाच्या भरवशावर असतात. तुम्हाला 'नीट दिसत नाही' असं वाटतं त्यात डोळ्यांचा दोष असेलच असं नाही.

हॅलोजनचा एच-७ बल्ब ५५ वॉट खातो आणि साधारण १५०० ल्युमेन प्रकाश देतो. झेनॉन ३५ वॉटमध्ये ३२०० च्या आसपास. एवढ्या आकड्यांवर ऑक्टाव्हिया जिंकायला हवी. पण दिवा म्हणजे नुसता बल्ब नव्हे. २०१६ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पहिल्यांदा गाड्यांच्या हेडलाइटना श्रेणी दिल्या. ३१ मध्यम आकाराच्या गाड्यांत 'चांगला' शेरा एकीलाच मिळाला: टोयोटाच्या प्रायस व्ही या लांबड्या हायब्रिडला, तोही एलईडी दिवे असतील तरच. हॅलोजन घातलेली हीच गाडी 'वाईट' ठरली. महागड्या गाड्यांचे वळणाबरोबर फिरणारे दिवेही त्या परीक्षेत मागे पडले. तेव्हा 'झेनॉन आहे' किंवा 'टोयोटा आहे' यावर जाऊ नका. ही विशिष्ट गाडी, हे विशिष्ट दिवे, आज किती दाखवतात, तेवढंच बघायचं.

दहा वर्षांच्या झेनॉनचा उजेड उतरलेला असतो. मरायला आला की जांभळट-गुलाबी दिसतो, आणि बदली बल्ब हॅलोजनच्या कितीतरी पट महाग. झेनॉनला दिव्याची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा लागतो. उंचीचा सेन्सर चाकाजवळच्या दांड्याला असतो, तिथे मीठ आणि चिखल बसून तो अडकतो. फवारा मात्र तुमच्याकडे चैन नाही. शरद ऋतूत कोबी-बटाट्याचे ट्रॅक्टर रस्ताभर चिखल सांडतात, आणि दोन दिवसांत कुठल्याही दिव्याची काच मातकट होते. ऑरिसला फवारा नसेल तर दारात ओलं फडकं ठेवा.

जाहिरातीतल्या 'एलईडी लाइट्स' या शब्दांना फसू नका. बहुतेक वेळा ती दिवसा लागणारी शोभेची पट्टी असते आणि रात्रीचा मुख्य दिवा हॅलोजनच. विकणाऱ्याला फोनवर सांगा, 'डिपर लावून समोरून फोटो पाठवा.' काचेवर कोरलेली खूणही बोलते: एचसीआर म्हणजे हॅलोजन, डीसीआर म्हणजे झेनॉन. आणि हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब खुपसून दिलेला असेल तर तो आधी काढायला लावा. प्रकाश भलतीकडे फेकला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि एमओटीत, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास होते. १ एप्रिल १९८६ पासूनच्या गाड्यांना असा बदल चालत नाही.

गाडी पाहायला हिवाळ्यातली साडेचार-पाचची वेळ घ्या. शोरूम उघडं असतं आणि बाहेर काळोख असतो. भिंतीसमोर सपाट जागी पाच-सात मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. वरची कड रेघेसारखी स्वच्छ हवी, दोन्ही दिव्यांची उंची सारखी हवी, आणि दोन्हींचा उजेड डावीकडे किंचित वर चढलेला हवा, कारण इथे गाड्या डावीकडून चालतात. कड फाटलेली, भुरकट दिसली तर आतला आरसा जळालाय किंवा काच पिवळी पडलीय. काच पॉलिश करता येते, आरसा नाही. एका बाजूची काच नवीकोरी आणि दुसरी पिवळट दिसली तर गाडीने नाकावर मार खाल्लेला असू शकतो. तेव्हा अपघाताची नोंद तपासल्याशिवाय पुढे बोलू नका.

एस्टेटवाल्यांनी विसरू नये अशी एक गोष्ट. मागे वजन टाकलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर जातात. सासू-सासरे हीथ्रोला उतरतील तेव्हा २३ किलोच्या चार बॅगा, म्हणजे ९२ किलो डिकीत, शिवाय मागे माणसं. हॅलोजनच्या गाडीत स्टिअरिंगजवळ शून्यापासून पुढे आकडे असलेलं छोटं चाक असतं, ते अशा वेळी एक-दोन घरं फिरवायचं आणि सामान उतरलं की परत शून्यावर. रात्री समोरून येणारे सगळेच तुम्हाला अप्पर मारत असतील, तर ते चाक आधी बघा. आपल्याकडे एस्टेट फारशी रुजली नाही. पुण्याच्या टाटांची इस्टेट आणि पुढे इंडिगो मरिना येऊन गेल्या, पण लोकांनी डिकीपेक्षा टपावरचं कॅरिअर पसंत केलं. त्यामुळे हे चाक आपल्यातल्या कित्येकांनी कधी हातच लावलेलं नसतं.

माझं मत: ऑरिस घ्या, पण शक्यतो ही नव्हे. त्याच वर्षांतली वरच्या ट्रिमची (जास्त सोयींच्या प्रकारातली), मुख्य दिवे एलईडी असलेली शोधा; पाच-सातशे पौंड जास्त आणि साठ-सत्तर मैलांची फेरी पडली तरी चालेल. एलईडीच्या दिव्याला बदलायचा बल्ब नसतो, बिघडला तर अख्खा संच महागात जातो, म्हणून काचेच्या आत पाणी किंवा वाफ धरलेली गाडी नको. अशी मिळालीच नाही आणि या हॅलोजनवाल्या गाडीच्या काचा-आरसे भिंतीवरच्या परीक्षेत पास झाले, तर हीच घ्या आणि दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला. रस्त्यावर वापरायला मान्यता असलेले जास्त उजेडाचे बल्ब तीसेक पौंडांत जोडीने मिळतात. ते लवकर जातात, जादा जोडी गाडीत ठेवा. दिवे नंतर सुधारता येतात. कोरड्या क्लचचा डबा आणि तुमच्या सहा मैलांचं डिझेलशी असलेलं वैर सुधारता येत नाही, म्हणून ऑक्टाव्हियाचे झेनॉन बघून मी डगमगत नाही. तुमची बदली होऊन रोजचा प्रवास तीस-चाळीस मैलांचा झाला, तर सहा गिअरच्या दोन लिटर डिझेलचा विचार मी स्वतः सुचवेन.

निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा इतिहास फुकट वाचा. मैलांचा आकडा कुठे मागे गेलाय का, आणि 'हेडलॅम्प एम' (दिव्याचा नेम) चुकल्याचे किंवा काच खराब असल्याचे शेरे वर्षानुवर्षं तेच ते आहेत का, ते दिसेल. गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि ती विम्यात निकाली निघालेली आहे का, हे पैसे भरून वेगळं तपासावं लागतं; वीसेक पौंड जातात, जाऊ द्या. डीलरकडून घेतलीत तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते, खासगी विकणाऱ्याकडून घेताना तो आधार नाही. आणि हात मिळवण्याआधी त्या गाडीच्या विम्याचं कोटेशन तुमच्या नावावर काढा, यजमानांच्या नव्हे. ब्रिटिश लायसन्स नवं असलं की आकडा चांगलाच फुगतो, आणि तो दहा हजारांत धरलेला दिसत नाही.